लाल झालेला पाईप

दोन हजार चार सालची महाशिवरात्र तीन दिवसांवर आली होती. कौसरचा नवरा शाहनवाज उद्या सकाळी टेम्पोला जनरेटरची ट्रॉली जोडून भीमाशंकरचा घाट चढणार होता, आणि तिला ते जाणं नको वाटत होतं. जत्रेतल्या दुकानांना लाईट पुरवायचा शब्द त्यानं दिला होता. शब्द दिला म्हणजे तो जाणारच.

चार दिवसांपूर्वी रात्री पिंपळवंडीचं लग्न उरकून सगळे जुन्नरला परतले, तेव्हा ट्रॉली मागं जोडलेली होती आणि पाच महिन्यांची सना कौसरच्या मांडीवर. वाटेतल्या चढावर काळ्या धुराचा लोट निघाला आणि केबिनचा पत्रा चपलेतून भाजायला लागला. शाहनवाजनं गाडी थांबवून झाकण उघडलं, तर इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पाईप चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल. तो म्हणाला, इंजिन आहे, तापणारच. कौसर बीएस्सी झालेली. तापणं आणि लाल होणं यातला फरक तिला कळत होता, आणि त्या पाईपापासून डिझेलची नळी वीतभर अंतरावर आहे हेही तिनं पाहून ठेवलं होतं. तेव्हापासून पाळण्याची दोरी ओढताना, भाकरी थापताना तिच्या डोळ्यांपुढे ती वीतभर जागाच यायची.

म्हणून आज ती शाहनवाजला टेम्पो आणि ट्रॉली घ्यायला लावून सावळेराम मिस्त्रीकडं स्वतःच आली. घरी सासूनं, गुलशनबीनं, तान्ह्या पोरीला घेऊन गॅरेजमध्ये कशाला, म्हणून विचारलं होतं. हिनं दुपट्यांची पिशवी खांद्याला लावली होती.

सावळेराम साठीचा. तपासायचं मीटर-बिटर त्याच्याकडं नव्हतं. त्यानं आधी नुसता टेम्पो गणेश खिंडीत चढवून आणला. धूर नाही, काही नाही. मग ट्रॉली जोडली. या खेपेला शाहनवाज मिस्त्रीशेजारी बसला आणि कौसर सनाला घेऊन पायथ्याशीच थांबली. गाडी अर्ध्या चढावर गेली आणि काळा लोट सुटला. मिस्त्रीनं गाडी तिथंच उभी करून चाकांना दगड लावले, झाकण उघडलं आणि डोक्यावरून गोणपाट घेऊन आत वाकला. भर उन्हात पाईपाची लाली दिसत नाही, तिला अंधार लागतो. कौसर धापा टाकत वर पोचली तेव्हा तो गोणपाटातून बाहेर येत होता.

"लाल हाय. पाण्याची गरमी दावणारा काटा मातुर जाग्यावर. म्हंजी पाण्याचा दोष न्हाई."

त्यानं हवेचा फिल्टर काढला. फिल्टर नव्यासारखा स्वच्छ. ट्रॉलीची चाकं हातानं चाचपली, ब्रेक धरून राहिलेत का पाहिलं. गार होती. तेव्हा शाहनवाजला तोंड फुटलं. दिवाळीत मिस्त्रीमामांनी डिझेल पंपाला हात लावला, तेव्हापासूनच ही भानगड असणार, असं तो बोलून गेला. आधी हळू, मग चढ्या आवाजात. सावळेरामनं फडक्यानं एकेक बोट पुसलं.

"बरं राव. चाळीस वरसात हे आयकायचं ऱ्हायलं व्हतं. पंपाचा स्क्रू मागं घेतो. डिझेल कमी जाईल, तापायची न्हाई. पण वढायची बी न्हाई. घाटात दमली न् मागं आली, तर मला बोलू नको."

घ्या मागं, म्हणाला शाहनवाज. सावळेरामनं पान्ह्यांची पेटी उघडली.

घाटात मागं आली तर. कौसरनं खालच्या वळणाकडं पाहिलं. तेवढ्यात सना रडायला लागली. ती रस्त्याकडेच्या करंजाच्या सावलीत पाठमोरी बसली, ओढणी पुढं घेतली आणि पोरीला तिच्याखाली पाजायला घेतलं. सना दोन घोट प्यायची, तोंड सोडायची, चेहरा लालबुंद करून हातपाय झाडायची. कौसरनं पुन्हा पाजायचा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी तिनं ओढणी वर उचलली. पोरीनं फुरफुर करत श्वास घेतला आणि मुकाट प्यायला लागली. दूध होतंच की. दम घेता येत नव्हता.

कौसरची नजर टेम्पोकडं गेली.

केबिनच्या मागं, इंजिनला हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर, जाळीच्या झाकणाखाली, तिनं स्वतः मलमलची टोपी शिवून चढवली होती. दुहेरी कापड, कडेला इलॅस्टिक. दोन महिन्यांपूर्वी रस्त्याचं काम निघालं, मुरमाची धूळ उडायला लागली, आणि मिस्त्रीमामा दर आठवड्याला फिल्टर झाडायला सांगायचे. घरात नळाला फडकं, माठाला फडकं, सनाच्या पाळण्याला फडकं. मग इंजिननं काय घोडं मारलंय? शाहनवाज हसेल म्हणून त्याला सांगितलंच नव्हतं. नंतर विसरून गेली.

म्हणून फिल्टर स्वच्छ होता.

गुपचूप काढून टाकता आली असती. पण स्क्रू मागं गेला की उद्या घाटात गाडी दमणार होती, आणि तो मागं घेऊ नका म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. तिकडं मिस्त्रीनं पंपाच्या नटाला पान्हा लावलासुद्धा होता. ती सनाला तशीच छातीशी धरून उठली.

"मामा, थांबा. पंपाला हात लावू नका. हवेच्या नळीवर मी कापड बांधलंय."

दोघंही तिच्याकडं बघत राहिले. सावळेराम चाकावर पाय देऊन वर चढला, झाकण काढलं आणि दोन बोटांत ती टोपी धरून खाली आला. मुरूम आणि तेलकट धुरानं मलमलीची घोंगडी झाली होती. त्यानं ती उन्हाकडं धरली. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"शिवण चांगली हाय," तो म्हणाला. "रिकाम्या गाडीला हितनं जेवढी हवा जाती तेवढी पुरती. वझं लागलं की डिझेल वाढतं न् हवा कमी पडती. मग ते आत जळायचं पायपात जळतं. सूनबाई, पोरगीला पाजताना तोंडावर गोधडी घालता का?"

कौसरचे कान तापले. आपण मघाशी काय काय बोललो ते शाहनवाजला आठवत असावं, कारण तो मिस्त्रीची पेटी स्वतः उचलून केबिनमध्ये ठेवायला गेला. मग परत येऊन, मान खाली घालून, मामा, चुकलं, एवढंच म्हणाला. सावळेरामनं ऐकू न आल्यासारखं केलं, पण तंबाखूची डबी त्याच्यापुढं धरली.

पाईप गार होईस्तोवर थांबून गाडी पुन्हा पायथ्याला नेली आणि ट्रॉलीसकट चढवली. धूर करडा, पातळ. वर पोचल्यावर मिस्त्री गोणपाट घेऊन वाकला आणि आतूनच म्हणाला, पायप काळा हाय, जावा आता खुशाल भीमाशंकरला.

कौसरनं सनाला नवऱ्याच्या हातात दिलं, गोणपाट मागून घेतलं आणि स्वतः आत वाकली. ऊब तोंडावर आली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत ती थांबली, मग आणखी थोडी थांबली. पाईप काळाच होता. डिझेलची नळी तिनं लांबूनच न्याहाळली. कोरडी होती. छातीवरचं ओझं जरासं हललं, पुरतं उतरलं नाही.

गोणपाट झटकून ती बाहेर आली. दोघं पुरुष तिच्या तोंडाकडं पाहत उभे होते, निकाल ऐकायला थांबल्यासारखे. ती टेम्पोच्या मागं गेली, ट्रॉली जिथं जोडतात तिथं खाली बसली आणि जोडाच्या पिनेवरून बोट फिरवलं. पिन मधोमध झिजून बारीक झाली होती.

"ही पिन शेवटची कधी बदलली?"

शाहनवाजनं सनाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सावळेरामनं तंबाखू थुंकली, केबिनमधून पेटी पुन्हा खाली काढली आणि तिच्या शेजारी येऊन उकिडवा बसला.