दोन घरांचे उघाडकर

उघाडकर हे आडनाव खाडीकाठच्या त्या एकाच गावात होते, आणि तिथेही दोनच घरांत. एक घर आगऱ्यांचे, दुसरे मुसलमानांचे. खारबांधाला उघाडी होती, भरतीचे पाणी अडवणारी लाकडी झडप. तिची राखण दोन्ही घरांनी पिढ्यान् पिढ्या आळीपाळीने केली, त्यावरून हे नाव पडले. एका घरी मयत झाले, की दुसऱ्या घराने झडप उचलून पाणी सोडायचे. मगच तिरडी उठायची.

म्हणून म्हातारे सिताराम उघाडकर गेले, तेव्हा हिरामण बापाच्या उशाशी न बसता सायकलीवर टांग मारून पावणे गावाकडे गेला. गावच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्यावर शौकत उघाडकर तिथे कारखान्यात लागला होता. शौकतने मशीन बंद केले आणि तो कॅरियरवर बसला.

वाटेत तो म्हणाला, "पन हिरामण, उघाडी हाय कुठं आता?"

हिरामणच्या हे ध्यानातच आले नव्हते. बांध कधीच भरावाखाली गेला होता, वरून डांबरी रस्ता झाला होता. त्याने माणूस शोधला. झडप राहून गेली.

दारात माणसे उन्हात ताटकळली होती. "रीत कसली धरून बसलाव?" बंडूमामा करवादला. "डांबराला काय भोक पाडनार?"

हिरामणच्या आईने, गोजराने, मान वर केली नाही. "त्यांनी सांगलंय. पानी सुटल्याबिगर न्यायचं नाय."

सगळे नव्या रस्त्यावर गेले. उघाडीची जागा एका म्हाताऱ्याने बसथांब्यापाशी दाखवली, दुसऱ्याने विजेच्या खांबाखाली. शौकतने दोघांचे ऐकून घेतले, चपला काढल्या आणि मधल्या डांबरावर ओणवा झाला. नसलेल्या फळीखाली त्याने दोन्ही हात घातले, ती उचलली आणि तशीच पेलून धरली. मागून एका स्कूटरवाल्याने भोंगा वाजवला.

"थांब की रं," बंडूमामा म्हणाला. "पानी जातंय."

बऱ्याच वेळाने शौकत ताठ झाला. "गेलं."

तिरडी उठली. मडके धरून पुढे चालताना हिरामण रडू येण्याची वाट पाहत होता. ते आले नाही. उद्या शौकतच्या घरी वेळ आली तर आपण जाऊ. पुढे आपल्या वेळी त्याचा मुलगा अय्युब, आणि तो तर कुवेतला. एवढाच हिशेब डोक्यात फिरत राहिला.

"शौकतभाय, अय्युबला येतं काय हे?"

"काय?"

"उचलायचं."

"येल तवा दाखवू," शौकत म्हणाला आणि खांदा बदलायला मागे गेला.