तुळजाबाईची पळी

मी एक जुनी मोटारसायकल बोलतेय. टू-स्ट्रोकवाली. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, की आमच्या जातीला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात तेल मिसळावं लागतं. तेल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, जास्त झालं की मागून धूर निघतो. माझा सारा जन्म या दोन भयांमध्ये गेला आणि त्यात एका म्हातारीचा हात होता.

१९८४ साली बद्रीनाथनं मला जालन्याहून आणलं, तेव्हा मी एका मास्तरांची सहा वर्षं चाकरी करून चुकले होते. बद्रीनाथ अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला लागला होता. शेत बटईनं दिलं, बैलजोडी विकली आणि गोठ्यातल्या रिकाम्या जागी मी उभी राहिले. त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, मला ओवाळलं खरं, पण तोंड वाकडं करून.

"शेण न्हाई, मूत न्हाई. काय कामाची ही?" असं माझ्या तोंडावर म्हणाली. मला वाईट वाटलं.

मग एकदा बद्रीनाथला पेट्रोलमध्ये तेल घालताना तिनं पाहिलं. तो बाटलीच्या झाकणानं मोजून घालत होता.

"एवढुसंच?"

"बराबर हाय, माय. जास्ती झालं तं धूर मारती."

म्हातारीनं ओठ मुरडले. नांगरटीच्या आधी बैलांना बांबूच्या नळीनं तेल पाजणारी बाई ती. पोरगं भलतंच चिक्कू निघालं, असं तिला वाटलं असणार.

पुढच्या अमावस्येला, म्हणजे बैलांच्या सुट्टीच्या दिवशी, ती गोठ्यात आली. हातात करडईच्या तेलाचं भांडं आणि पळी. इकडंतिकडं बघून तिनं माझ्या टाकीचं झाकण काढलं आणि दोन पळ्या ओतल्या. "पी बाई. रोज माझ्या लेकराला नेती-आणती," म्हणाली. मी काय बोलणार? माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्याच्या बोटात.

दुसऱ्या दिवशी मी जो धूर सोडला, विचारू नका! आणि त्याला वास भज्यांचा. काट्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, त्यातले गाडीवान सकाळी सकाळीच भाकरीची गाठोडी सोडून बसले. चार दिवसांनी टाकीतलं संपून नवं पेट्रोल भरलं, धूर गेला. पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच.

बद्रीनाथनं मला अंबडच्या नावाजलेल्या शिवाजी मिस्त्रीकडं नेलं. त्यानं प्लग पाहिला, तर चिकट काळा. सायलेन्सर जाळून साफ केला. मग गिअरबॉक्सचं तेल पाहिलं.

"हे कमी झालं असतं, तं सील गेलं म्हणलो असतो. इंजिन आतून तेल पिऊन राह्यलं असतं. पर हे तं भरून हाय." त्यानं बद्रीनाथकडं रोखून पाहिलं. "तूच पेट्रोलात तेल जास्ती घालून राह्यला."

"तुळजाभवानीची आन! झाकणानं मोजून घालतो."

महाशिवरात्रीच्या सुमारास बद्रीनाथची मती फिरली. "तेलच न्हाई टाकलं तं धूर कुठून येईल?" असं म्हणून त्यानं एका संध्याकाळी कोरडं पेट्रोल भरलं. शिवाय जाहीर केलं, की यानंही धूर थांबला नाही, तर गाडी सर्जेरावला द्यायची. हा सर्जेराव जुन्या गाड्या फोडायचा. माझं इंजिन तो कडबा कापायच्या यंत्राला लावणार होता. चाकं कुठं गेली असती, देव जाणे.

पंपापासून घरापर्यंत येतानाच माझा जीव कासावीस झाला. अजून दोन कोस, की पिस्टन जाम. हे फक्त एकीला ऐकू आलं.

"घसा बसला गं तुझा," सकाळी गोठ्यात येऊन तुळजाबाई म्हणाली. अमावस्याच होती. तिनं दोनाच्या तीन पळ्या केल्या.

त्या दिवशी धूर बघून बद्रीनाथनं वाटेतूनच सर्जेरावला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सर्जेराव टेम्पो घेऊन आला, इंजिन खोलायला शिवाजी आला. म्हातारी ओट्यावर डाळ निवडत होती, पण सुपातला हात थांबलेला मी पाहिला.

शिवाजीनं हेड काढलं आणि पिस्टनवर बोट फिरवलं. "बद्री, तेल टाकलंच न्हाई म्हणला ना? मंग ह्याला एक ओरखडा कसा न्हाई?" टाकीत काडी बुडवून त्यानं हुंगली. "ह्याच्यात तं करडई हाय!"

तुळजाबाई सूप ठेवून उठली.

"म्या पाजलं. दर अवसेला. बैलं गेल्यावर म्या कोणाला पाजू?"

शिवाजी पोट धरून हसला. "मायच्या मायेनं धूर झाला, आन तुझ्या अकलेनं इंजिन गेलं असतं. मायनंच वाचवलं, बद्री!"

सर्जेराव चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. शिवाजीनं म्हातारीची पळी मागितली आणि कानशीनं आतून एक खूण केली. "माय, एका लिटरला एवढंच. आन तेल ह्या डब्यातलं, करडई न्हाई."

त्या दिवसापासून तेलाचं खातं तिच्याकडं आलं. चौदा वर्षं तिनं ते सांभाळलं. नजर गेली, तरी अंगठ्यानं खूण चाचपून ओतायची. मी कधी धुरले नाही, कधी जाम झाले नाही.

ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. बद्रीनाथकडं नवी फोर-स्ट्रोक आहे, तिला पेट्रोलात तेल लागत नाही. माझ्या सीटवर कोंबड्या बसतात. परवा मला बघायला शहागडचा कोणी जुन्या गाड्यांचा शौकीन येऊन गेला. बद्रीनाथ "बघू" म्हणाला आणि बराच वेळ माझ्यापाशी उभा राहिला.

न्यायचं तर न्या. एकच मागणं आहे. माझ्या हँडलला एक काळवंडलेली पळी टांगलेली आहे, तीही सोबत न्या. लिटरमागं खुणेपर्यंतच भरा. अवसेला मात्र थोडी वर गेली तरी चालेल. धुराचं मी बघून घेईन.