एक दात मागे

श्रीमंतची अँबॅसिडर दोराला बांधून ओढत आणली, तेव्हा शुक्रवार पेठेतली निम्मी गल्ली दारात येऊन उभी राहिली. या टॅक्सीच्या इंजिनातली तुटलेली टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारी साखळी, नागव्वानं कालच आपल्या गॅरेजात बदलून दिली होती. चेनसोबत तिचं मोठं दातेरी चाकही नवं बसवलं होतं. गाडी सुरू झाली खरी, पण पुलाचा चढ काही तिला चढवेना.

"अक्का, दमच न्हाय राहिला हिच्यात," श्रीमंत म्हणाला. "म्हातारी जिना चढती तसं करतीया."

त्याच्या मागोमाग बसप्पा आला, नागव्वाचा धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि नागव्वानं गॅरेज चालवायला घेतलं, तेव्हा बसप्पानं चार माणसांत सांगितलं होतं, "चालव वैनी. पण तू दुरुस्त केलेली गाडी ज्या दिवशी दोरानं परत येईल, त्या दिवशी गॅरेज बंद, आणि शेडमध्ये माझ्या सुताच्या गठड्या पडतील." आज तो रुद्रप्पा मिस्त्रीलाही घेऊन आला होता. स्टेशनकडच्या मोठ्या गॅरेजात रुद्रप्पाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

रुद्रप्पानं बॉनेटवर नुसती थाप मारली. "चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वाकले असणार. पिस्टनच्या रिंगा पण झिजल्या असणार. हे इंजिन संपलं. भाकरी थापण्याइतकं सोपं न्हाय हे, बाई."

"एकदा थापून बघा, अण्णा, मग सोपं म्हणा," नागव्वा म्हणाली. "मोजल्याबिगर मी कुणाला मेलं म्हणत न्हाय."

तिनं चारही प्लग काढले. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबला, की हवा अंगठ्याला कशी ढकलते ते कुणीही करून पाहावं. अंगठा जरा सैल पडला की फुस्स. इंजिनाचंही तेच असतं. पिस्टन हवा दाबत वर येतो, तेव्हा व्हॉल्व्हची दोन्ही दारं घट्ट मिटलेली पाहिजेत. तरच जोर.

प्लगच्या भोकात तिनं दाब मोजायचं मीटर बसवलं आणि श्रीमंतला स्टार्टर मारायला सांगितलं. पहिल्या सिलिंडरला नव्वद. मग ब्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद.

"सव्वाशेच्या वर पाहिजे," रुद्रप्पा गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "बघा, मी काय म्हणत होतो?"

नागव्वानं प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. काटा जेमतेम दोन-तीन घरं सरकला.

"रिंगा झिजल्या असत्या तर तेलानं फट बुजली असती, आणि काटा चांगला वर गेला असता. गेला का?"

रुद्रप्पानं वाकून काट्याकडं बघितलं.

"व्हॉल्व्ह वाकले असते तर एखाद-दुसरा सिलिंडर रिकामा पडला असता. चार भावांना एकाच दिवशी, एकसारखाच ताप? हा आजार अंगातला न्हाय, अण्णा. वेळेचा हाय. दारं उशिरा मिटत्यात."

"म्हंजे चेन चुकीची बसली," रुद्रप्पाचे डोळे चमकले. "बसवली कुणी?"

श्रीमंतला राहवेना. "चेनच खोटी निघाली असंल, अक्का. बाजारात काय काय विकत्यात!"

तिनं नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चेन चांगली हाय," ती म्हणाली. "बसवली मी. चूक माझी. पण इंजिन ठणठणीत हाय, आणि ते तुमच्यासमोर दाखवणार."

"कबूल केलं की!" बसप्पा वळला. "गठड्या आणायला सांगतो."

"सांगा की, भावजी. त्या येईस्तोवर तरी दार माझंच हाय."

रेडिएटर उतरला, पुली निघाली, झाकण निघालं. दुपार झाली तरी एकही माणूस जेवायला गेला नव्हता. आत एक लहान आणि एक मोठं अशी दोन दातेरी चाकं. प्रत्येकावर कारखान्यात ठोकलेलं एक बारीक टिंब असतं, आणि ती दोन टिंबं समोरासमोर धरूनच चेन चढवायची असते. टिंबं समोरासमोरच होती. पण मोठ्या चाकावरचं टिंब तांबडं होतं.

नागव्वानं त्यावर नख घासलं. तांबडं नखात आलं, खाली सपाट लोखंड. शेजारच्या दातापाशी काळं ग्रीस पुसलं, आणि खरं टिंब तिथं दिसलं.

शेंदूर! चाक दसऱ्याच्या आधी आणलेलं. खंडेनवमीला पान्यांबरोबर तेही पाटावर मांडलं होतं, आणि तिनंच प्रत्येकाला तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावलं होतं. काल तोच ठिपका तिनं कारखान्याचं टिंब समजून धरला होता.

रुद्रप्पा पोट धरून हसला. "देवानंच गाडी बंद पाडली की गं!"

"देवाला कशाला मधी घेता? माझ्या बोटानं पाडली." ती चेन उतरवू लागली. "एक दात मागं."

झाकण पुन्हा बसल्यावर तिनं मीटर रुद्रप्पाच्याच हातात दिलं. "आता तुमी वाचा. मी वाचलं तर म्हणाल, बाई खोटं बोलतीया."

श्रीमंतनं स्टार्टर मारला.

"एकशे अडतीस," रुद्रप्पा म्हणाला. दुसऱ्याला, "एकशे चाळीस." तिसऱ्याला त्याचा आवाज खाली गेला.

"मोठ्यानं, अण्णा. मागच्यांना ऐकू येत न्हाय."

"एकशे अडतीस!" तो खेकसला. चौथ्यालाही काटा तिथंच थांबला.

श्रीमंत गाडी घेऊन पुलाकडे गेला आणि हॉर्न वाजवतच परत आला. तोवर नागव्वा खडू घेऊन शेडच्या दारापाशी उभी होती. दाराच्या आतल्या अंगावर तिनं सकाळचे चार आकडे लिहिले, शेजारी आत्ताचे चार, आणि खाली ठळक अक्षरांत: 'चेन एक दात मागे. चूक नागव्वाची.'

"पूस ते, वैनी," बसप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "घराची अब्रू हाय. लोक हसतील."

"हसू देत की. हसत वाचतील, पण वाचतील."

"अगं, पण गाडी दोरानं परत आली ती आलीच! तुझं माझं ठरलं होतं."

"तुमी ठरवलं होतं, भावजी. मी कवा व्हय म्हटलं?" नागव्वानं दार भिंतीला टेकवून त्याखाली वीट सरकवली. "हे लिहिलेलं दार उघडं असलं तरच दिसतं. म्हणून ते उघडंच राहणार."