खालच्या रेषेखाली

मी एक जुनी कांडी आहे. मोटारसायकलीच्या इंजिनात तेल किती उरले आहे हे सांगणे, एवढेच माझे जीवितकार्य होय. माझ्या मस्तकी काळे झाकण आहे व देह पोलादाचा, वीतभरही लांब नाही. परंतु मित्रांनो, माझी कहाणी लहान समजून पुढे जाऊ नका, कारण तीत एका गृहस्थाचा उजवा अंगठा कायमचा निकामी झाला. पुढे आणखी काय होणार आहे, ते मला ठाऊक आहे आणि मला वाचा नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथील यंत्राने माझ्या अंगावर दोन आडव्या रेषा कोरल्या. वरच्या रेषेपर्यंत तेल असले तर इंजिन सुखी. खालच्या रेषेखाली गेले तर संकट जवळ आले असे जाणावे. या दोन रेषांव्यतिरिक्त मला कोणतेही शिक्षण मिळाले नाही. परंतु तेवढ्या शिक्षणाशी मी आजन्म प्रामाणिक राहिले.

हुबळीत देशपांडे नगरात विठ्ठलराव नावाचे एक सज्जन राहतात. जुन्या हुबळीत त्यांचे भांड्यांचे दुकान होते. माझी मोटारसायकल त्यांनीच विकत घेतली. घर ते दुकान आणि दुकान ते घर, एवढाच तिचा प्रवास असे. दर रविवारी स्नान आटोपून, धोतराचा फाटका तुकडा हाती घेऊन ते माझ्यापाशी येत. मला बाहेर काढीत, पुसून स्वच्छ करीत, पुन्हा तेलात बुडवीत आणि उन्हाकडे धरून पाहत. तेल वरच्या रेषेला असले की ते स्वतःशीच म्हणत, "भले!" तो शब्द ऐकून माझे पोलादी अंतःकरण भरून येई.

त्यांचा एक नेम होता. गुढीपाडव्याला आणि खंडेनवमीला इंजिनातील तेल बदलायचे, आणि तेही साधे, खनिज तेल. गाडी थोडी चाले, म्हणून तो नेम पुरेसा होता.

पुढे विठ्ठलरावांना काचबिंदू झाला. प्रथम माझ्या रेषा पुसट झाल्या, नंतर मीच दिसेनाशी झाले. तरीही रविवार चुकला नाही. ते आपला उजवा अंगठा माझ्या अंगावरून हळूहळू खाली आणीत. कोरडे कोठे संपते, ओले कोठे लागते आणि रेषेची खाच कोठे येते, हे त्या अंगठ्याला डोळ्यांहून अधिक कळे. मित्रांनो, ज्या मनुष्याचे एकेक काम सुटत गेले, त्याच्याजवळ शेवटी मीच एक काम म्हणून उरले होते.

गाडी आता त्यांचे चिरंजीव श्रीवत्स चालवू लागले. ते धारवाडला एका वकिलांच्या कचेरीत कारकून आहेत. जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस. गतवर्षी खंडेनवमीला ते गाडी घेऊन गणपत मिस्त्रींच्या गॅरेजात गेले. मागे विठ्ठलराव बसले होते. गॅरेजात झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलेले होते.

"मिस्त्री, यंदा सिंथेटिक घाला," श्रीवत्स म्हणाले. "मी फोनवर सगळं बघून ठेवलंय. तापलं तरी पातळ होत नाही, टिकतंही दुप्पट. एकदा घातलं की पुढच्या खंडेनवमीलाच बघायचं."

"खंडेनवमी गाडीला कळत नाही रे श्रीवत्सा," गणपत हसून म्हणाले. "तिला किलोमीटर कळतात. तेल चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. रोज धारवाड करतोस, तुला तेच बरं. पण ही म्हातारी झालीय. हिच्या रबरी सीलभोवती इतक्या वर्षांचा मळ बसलाय, त्यानंच गळती अडवून धरलीय. हे तेल तो मळ धुऊन काढतं. मग झिरपायला लागेल. सुम्ने, उगाच घाबरवत नाही, पण सील बदलू या."

"इंजिन उघडायला दोन दिवस लागतील. मी कचेरीला कसा जाऊ?"

"मग दर रविवारी कांडी बघायची. कबूल?"

"कबूल, कबूल."

विठ्ठलराव मागून म्हणाले, "बघायला मी आहे की."

श्रीवत्सांनी पित्याचा हात धरला. त्यात प्रेमच होते, हे मी शपथपूर्वक सांगते. "अप्पा, तुम्हाला दिसत नाही. कशाला हात काळे करून घेताय? आता महागाचं तेल आहे. तुम्ही आराम करा."

श्रीवत्सांनी गाडी पुढे घेतली आणि चाकाखालचे लिंबू चिरडले. मी नव्या तेलात उभी होते. ते मधासारखे सोनेरी व निर्मळ होते. असे तेल मी जन्मात पाहिले नव्हते, आणि तरीही मला भय वाटले. कारण त्या दिवसापासून माझ्याकडे कोणीही येणार नव्हते.

पंधरा दिवसांत अंगणातील शहाबादी फरशीवर पहिला थेंब पडला. तो नाण्याएवढा होता. पुढे वाटीएवढा झाला. श्रीवत्सांच्या पत्नी शालिनीबाई केरसुणी हातात धरून म्हणाल्या, "अहो, गाडीखाली काळं पडतंय. रोज घासू का मी?"

"म्हातारी आहे ती. म्हाताऱ्यांचं असं गळतंच."

"हळू बोला, अप्पा ऐकतील!" असे म्हणून त्यांनी गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा अंथरला. फरशी स्वच्छ राहू लागली. डाग दिसेनासा झाला, म्हणून तो कोणाच्या बोलण्यातही येईनासा झाला. इकडे अंधारात तेल माझ्या अंगावरून उतरत होते. दिवाळी झाली तेव्हा ते दोन रेषांच्या मध्यावर होते. मार्गशीर्षात खालच्या रेषेला टेकले. पौषात माझे टोकदेखील कोरडे पडले. मित्रांनो, धोका माझ्या अंगावर स्पष्ट अक्षरासारखा लिहिलेला होता आणि वाचणारा मनुष्य दहा पावलांवर खाटेवर आराम करीत बसला होता.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी श्रीवत्स पित्याला धारवाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाले. वाटेतले रायापूर जवळ येताच इंजिनातून टकटक असा ध्वनी उमटू लागला.

"श्रीवत्स, आवाज कोरडा येतोय," विठ्ठलराव म्हणाले. "गाडी बाजूला घे."

"अप्पा, मागं बस आहे. रायापूर ओलांडलं की थांबतो."

"आत्ता घे म्हणतो ना!"

तोच इंजिनाने प्राण सोडला. पिस्टन जागच्या जागी जखडला, मागचे चाक फिरायचे थांबले आणि गाडी फरफटत बसच्या वाटेत आडवी होऊ लागली.

"यप्पा! क्लच धर! क्लच!" विठ्ठलराव ओरडले.

श्रीवत्सांनी क्लच दाबला. चाक मोकळे होऊन पुन्हा फिरू लागले. गाडी कडेच्या मातीत जाऊन कोसळली व बस वीतभर अंतरावरून भोंगा वाजवीत निघून गेली. श्रीवत्सांचे खरचटण्यावर निभावले. विठ्ठलरावांचा उजवा हात गाडीखाली सापडला होता.

गणपत मिस्त्रींनी गॅरेजात मला बाहेर काढले. माझ्यावर तेलाचा टिपूसही नव्हता. त्यांनी मला तशीच श्रीवत्सांपुढे धरली.

"मिस्त्री, मला नको ते सिंथेटिक," श्रीवत्स रडवेल्या आवाजात म्हणाले. "आपलं साधंच घाला."

"तेलावर कशाला ढकलतोस? साधं असतं तरी गळून संपलं की हेच झालं असतं. यंदा सील बदलतो, पिस्टन बदलतो, आणि तेच चांगलं तेल घालतो. तरी जुनं इंजिन थोडं तेल खाणारच. कोणतं घालू ते नंतर. कांडी बघणार कोण, ते आधी सांग."

"मी बघेन. दर रविवारी. अप्पांची शपथ."

आणि खरोखर त्यांनी पाहिले. फाल्गुनात गाडी घरी आली. सलग सात रविवार त्यांनी मला काढले, पुसले, बुडवले व उन्हाकडे धरले. विठ्ठलरावांच्या हाताचे प्लॅस्टर निघाले, परंतु अंगठा वाकेना व त्याला स्पर्शही कळेना. त्यांनी एकदा डाव्या अंगठ्याने मला चाचपून पाहिले. त्याला काहीच समजले नाही. त्यांनी मला हळूच परत ठेवले आणि त्यानंतर ते आले नाहीत.

आठव्या रविवारी पाहुणे आले होते. नवव्या रविवारी श्रीवत्स उशिरा उठले. आता किती रविवार झाले, ते मी मोजणे सोडले आहे.

मित्रांनो, तेल साधे निवडावे की सिंथेटिक, हे तुम्ही मोठे झालात म्हणजे आपापल्या गाडीप्रमाणे व प्रवासाप्रमाणे ठरवा. मात्र उत्तम वस्तू घरात आणली म्हणजे तिच्याकडे पाहण्याचे कष्ट संपले, असे कदापि समजू नका. आठवड्यातून एकदा वाकून पाहा. स्वतःस दिसत नसेल, तर ज्याच्या हाताला कळते त्याला पाहू द्या. एका जुन्या कांडीची ही हात जोडून विनंती आहे, जरी मला हात नाहीत.

आज रविवार आहे. ऊन सीटवर आले आहे. मघाशी विठ्ठलरावांनी खाटेवरून हाक मारली, "श्रीवत्स, कांडी बघितलीस का रे?"

"बघितली अप्पा," आतून उत्तर आले. "भरपूर आहे."

"भले!" विठ्ठलराव म्हणाले आणि समाधानाने आडवे झाले.

मित्रांनो, मला कोणीही बाहेर काढलेले नाही. तेल माझ्या खालच्या रेषेखाली उतरले आहे. उद्या सोमवार. उद्यापासून शाळा सुरू होते, आणि श्रीवत्सांची सहा वर्षांची लेक वेदश्री नवे दप्तर पाठीला लावून टाकीवर पुढे बसणार आहे.