ओट्यामागचा पत्रा

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. वयाची पंचेचाळिशी उलटली होती, कानांजवळचे केस पांढरे झाले होते. पण एकदा घरात धाकटं ठरलं की माणूस जन्मभर धाकटंच राहतं. ती कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत आईचा ओटा आणि मधे एक दार. गेल्या महिन्यापासून ते दार तिने एकदाही लावलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ओट्यामागची भिंत पेटली होती.

शेगडीवर ठेवलेल्या फडक्याने पेट घेतला आणि जाळ भिंतीवरच्या कागदावर चढला. घर भाड्याचं. कागद कुठल्या काळचा कोण जाणे, फिकट निळ्या फुलांचा, वर्षानुवर्षांचं तेल प्यालेला. वातीसारखा पेटला. धाकटीने आधी गॅस बंद केला, मग ओल्या चादरीने भिंत बडवून काढली. मागे ताटाएवढा काळा डाग राहिला.

"फडकं तिथे कसं ठेवलंस गं आई?"

"ठेवलं खरं," आई म्हणाली. "चुकलं."

आईने तीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोनशे माणसांचं जेवण रांधलं होतं. तिच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द धाकटीने पहिल्यांदाच ऐकला, आणि आगीपेक्षा तिला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दादाला कळलंच. दादा म्हणजे थोरला भाऊ, दुसऱ्या गावी राहणारा. तो फोनवर फार बोलला नाही. "रविवारी संध्याकाळी येतो. आईला माझ्याकडे नेतो. इथे स्वयंपाकाला बाई आहे, आईला ओट्याकडे फिरकायचीसुद्धा गरज नाही. आराम करेल."

"ती आराम करून आजारी पडेल, दादा."

"आणि तिथे राहून भाजेल. काय बरं त्यातलं?"

आईची नजर गेली दोन वर्षं कमी होत चालली होती, हे खरं होतं. किती कमी, ते आई सांगत नव्हती. तिला ओट्यापासून तोडलं तर ती खुर्चीत बसून राहील आणि वर्षभरात सुकून जाईल, हेही तितकंच खरं होतं. तेव्हा धाकटीने ठरवलं की रविवारच्या आत ती भिंत अशी करायची, की दादाने कितीही नाक खुपसलं तरी त्याला बोट ठेवायला जागा सापडू नये. भिंत सुरक्षित झाली म्हणजे आईही सुरक्षित झाली, असा तिचा हिशोब.

अडचण एकच. त्या भिंतीला भोक पाडायचं नव्हतं. आधीच्या भाडेकरूने फळी लावायला ड्रिल मारलं आणि तीन मजल्यांचे दिवे घालवले होते. इमारतीचा वायरमन तर साफ म्हणाला, "ताई, या भिंतीत तार कुठून गेलीय ते फक्त ती टाकणाऱ्यालाच ठाऊक. आणि तो वर गेलाय. त्याला विचारायला जायचं असेल तर खुशाल ड्रिल मारा."

म्हणून बिनभोकाचा इलाज शोधत धाकटी स्वयंपाकघराच्या सामानाच्या दुकानात गेली. एकदा नव्हे, तीनदा. दुकानदार डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा शोधणारा माणूस होता, पण मालाची जाण त्याला पुरेपूर. तिने नुसता चिकटवायचा छापील कागद उचलला, तर त्याने तो हातातून काढून घेतला. "हा हात धुवायच्या बेसिनमागे. जाळामागे लावलात तर पुन्हा तीच गत." तिने पारदर्शक प्लॅस्टिकचा तक्ता विचारला. "उन्हाने मेणबत्ती वाकते ना, तसा वाकेल." काच? "चांगली. पण जड आहे. एकट्याने चिकटवायला जाल तर पायावर घ्याल."

शेवटी उरले पत्रे. स्टीलचा चकचकीत आणि रंग भाजून बसवलेले बिनचमकीचे. हे सिलिकॉनच्या गोंदाने चिकटतात, जळत नाहीत, पुसले की साफ. धाकटीने चकचकीत पत्र्यावरून हात फिरवला. त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, दुकानातला दिवा दिसला, आणि तिच्या मनात आलं की याने अंधाऱ्या ओट्यावर उजेड दुप्पट होईल. आईला जास्त दिसेल.

"हाच द्या," ती म्हणाली आणि माप लिहून दिलं.

घरी येऊन तिने गॅसची नळी बंद केली, भिंतीवरचा जळका कागद खरवडून काढला, सोड्याच्या पाण्याने भिंत दोनदा धुतली आणि सुकू दिली. आई दारात उभी राहून ऐकत होती. "खरवडतेस तर नीट खरवड. कोपरे सोडू नकोस. तू लहानपणी ताटातले कोपरेही सोडायचीस."

"ताटाला कोपरे नसतात, आई."

"तरी तू सोडायचीस."

शनिवारी सकाळी दहाला पत्रा घरी आला. धाकटीने तो सिलिकॉन लावायच्या आधी भिंतीला लावून पाहिला. डावीकडे कपाट, उजवीकडे खिडकीची चौकट. पत्रा मधे बसेचना. एका बाजूने खुपसला की दुसऱ्या बाजूने बाहेर. तिने पुन्हा टेप लावली. बरोबर एक इंच जास्त.

मग तिच्या लक्षात आलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. तीस वर्षं कापड मोजणारा हात तो. माप घ्यायचं आणि दोन्ही बाजूंना शिलाईसाठी अर्धा-अर्धा इंच माया सोडायची. बोटांनी विचारलंसुद्धा नव्हतं. कापड असतं तर दुमडून आत घेतलं असतं. पत्रा कुठे दुमडणार?

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही झालं तर माणूस असा श्वास टाकत नाही."

दुकान चारला बंद होणार होतं. सिलिकॉन घट्ट व्हायला पुरता एक दिवस हवा होता, तोवर शेगडी पेटवायची नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. आणि उद्या संध्याकाळी दादा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तशी तिची गत झाली. दादा दारात उभा आहे, मागे उघडी भिंत, आईची पिशवी भरलेली, असं सगळं चित्र तिला दिसायला लागलं. लगेच जाऊन पत्रा कापून आणावा, पण पोटात सकाळपासून काही नाही. चहा तरी घ्यावा. तिने पत्रा खिडकीच्या चौकटीवर एक इंच चढवून, चार ठिकाणी चिकटपट्ट्या लावून उभा केला. अंगावर चढवून बघण्यापुरते कपड्याला कच्चे टाके घालतात, तसा.

"आई, चहा करतेस? मी बाजूलाच आहे."

"बाजूला कशाला? जा, मशीनवर बस."

धाकटी गेली नाही. दारातच थांबली.

आईने सवयीने बटण फिरवलं, गॅस पेटवला. दुधाचं पातेलं उचललं. आणि मग तिने एक गोष्ट केली जी धाकटीने आजवर कधी पाहिली नव्हती. ती थबकली. मान वाकडी करून तिने समोर पाहिलं, पुन्हा दुसऱ्या बाजूला मान वळवून पाहिलं, आणि पातेलं पुढे नेलं. शेगडीच्या पुढे, जाळावरून, आणखी पुढे.

टण्णकन पातेलं पत्र्यावर आदळलं. दूध उडालं. आईच्या बाहीचं टोक जाळावर लोंबत होतं.

धाकटीने झेप घेऊन बटण फिरवलं आणि आईचा हात ओढला. बाही थोडी करपली होती, हात वाचला होता. फरशीवर दूध पसरत गेलं, आणि कुणीही ते पुसायला वाकलं नाही.

"शेगड्या दोनाच्या चार कशा झाल्या गं?" आई हळूच म्हणाली.

धाकटीने पत्र्याकडे पाहिलं. विझलेल्या शेगडीची हुबेहूब दुसरी शेगडी त्यात दिसत होती. तिला वाटलं होतं उजेड दुप्पट होईल. दुप्पट झाला होता जाळ.

"आई, तुला किती दिसतं? खरं सांग."

आईने स्टूल चाचपलं आणि बसली. "समोरचं नाही दिसत. तुझ्या तोंडाच्या जागी मला धुकं दिसतं. कडेचं दिसतं. म्हणून मान वाकडी करते, कोंबडीसारखी." ती जरा हसली, पण हसणं टिकलं नाही. "बाकी सगळं हाताला पाठ आहे. फक्त जाळ बघावा लागतो. तो हात लावून कसा बघणार?"

"मग ते फडकं?"

"गॅस अगदी बारीक केला होता. त्या निळ्या फुलांच्या कागदापुढे निळा जाळ मला दिसायचाच नाही. वाटलं, बंद झाला. फडकं ठेवलं."

"मला सांगायचंस ना!"

"तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतं का?"

ते खरं होतं. मग तिचं लक्ष पुन्हा त्या जादा इंचाकडे गेलं. माप बरोबर आलं असतं, तर आत्तापर्यंत हा पत्रा सिलिकॉनने कायमचा चिकटला असता, आणि ती निर्धास्त होऊन मशीनवर बसली असती.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. ओटा तुझा आणि निवडतेय मी."

दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या. "कापलेला माल परत घेत नाही मी." मग माप पाहून त्याच्या आठ्या सैल झाल्या. "मोठा आहे होय! मोठ्याचा लहान होतो, दुसऱ्या कुणाला देईन. लहान आणला असतात तर हात जोडले असते. एक इंच कुठून आला पण?"

"शिलाईसाठी सोडला," धाकटी म्हणाली. दुकानदाराने मान हलवली. लोक काय काय करतात हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं.

आईने त्याला एक लहान शेगडी पेटवायला लावली. एकेक नमुना मागे धरायला सांगितला. ती मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "बारीक करा. आणखी. आता बंद करा बघू." पांढऱ्यापुढे तिला काही कळलं नाही. पिवळ्यापुढे अर्धंमुर्धं कळलं. कोळशाच्या रंगाचा बिनचमकीचा पत्रा मागे धरला, तेव्हा ती मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत राहिली.

"आजी?" दुकानदार म्हणाला.

"अहो, दाणे मोजावेत तसे निळे ठिपके दिसतायत मला," आई म्हणाली. "पुरे. हाच."

धाकटीने माप सांगितलं. दुकानदाराने दोनदा विचारलं. तिने तीनदा सांगितलं.

दोनला त्या घरी पोचल्या. पत्रा कपाट आणि चौकट यांच्या मधे कुरकुर न करता बसला. धाकटीने मागे सिलिकॉनच्या जाड रेघा ओढल्या, हातांनी, मग कोपरांनी पत्रा दाबला, चिकटपट्ट्या लावल्या. रविवारी दिवसभर दोघींनी पाव आणि फळं खाल्ली. धाकटी दर तासाला जाऊन पत्र्याला हात लावून यायची. "त्याला झोपू दे," आई म्हणायची. "तान्ह्या मुलाला कुणी इतकं उठवत नाही."

पण धाकटीची धास्ती आता पत्र्याची नव्हतीच. दादाला सांगायचं की नाही, याची होती. सांगितलं तर आई जाईल. न सांगितलं तर प्रत्येक टण्णला आपलाच जीव जाईल.

पाचला दादा आला. आल्या आल्या ओट्याकडे गेला, पत्र्यावर बोट वाजवलं, कडेला नख घातलं. "भोक नाही ना पाडलं?"

"नाही."

"काळा कशाला घेतलास? मळखाऊ म्हणून?"

धाकटीने तोंड उघडलं, पण आईच आधी बोलली. "मला समोरचं दिसत नाही म्हणून. फडकंही त्यामुळेच पेटलं. बस, सगळं सांगते." आणि तिने सगळं सांगितलं, काल पातेलं कुठे आदळलं तेसुद्धा. करपलेली बाहीही दाखवली.

दादाचा चेहरा उतरला. "मग तर प्रश्नच मिटला. सामान भर."

"आधी गॅस पेटव," आई म्हणाली. "मी पाठ फिरवून उभी राहते. तुला हवं ते कर, मग मला वळायला सांग."

दादाने दोन्ही शेगड्या पेटवल्या. त्याने डावी बंद केली आणि उजवी इतकी बारीक केली की धाकटीलाही वाकून पाहावं लागलं. आई वळली. मान वाकडी केली.

"डावी बंद. उजवी आहे, पण तू तिला उपाशी ठेवलीयस."

दादाने पुन्हा केलं. मग पुन्हा. पाचव्या खेपेला आई म्हणाली, "आता दूध ठेवू का, की रात्रभर परीक्षाच घेणार आहेस? शाळेत स्वतः किती वेळा पास झालास ते मला माहीत आहे."

दादा हसला नाही. स्टुलावर बसला आणि आईला पाहत राहिला. तिने पातेलं ठेवलं, जाळ पाहिला, दूध वर यायच्या क्षणी हात बटणावर नेला. नुसत्या आवाजावरून. चहा गाळून त्याच्या हातात दिला.

"पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा बघीन," तो शेवटी म्हणाला. "दर महिन्याला बघीन. आणि फडकं शेगडीजवळ दिसलं, तर त्याच दिवशी नेईन."

"फडकं टांगायला खुंटी हवी," धाकटी म्हणाली, "आणि खुंटीला भोक."

आईने फडक्याची घडी केली आणि खांद्यावर टाकली. दादा गेल्यावर धाकटी मशीनवर बसली, अर्धी राहिलेली बाही समोर घेतली. मधलं दार उघडंच होतं. दर दहा टाक्यांनी तिचा पाय थांबायचा, आई गॅसचं बटण फिरवून बघायची त्याचा खट्ट आवाज आतून यायचा, आणि मग ती पुढचे दहा टाके घालायची.