टँकरला पुरून उरलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. मला भंगार म्हणायची घाई करू नका मित्रांनो. तसे म्हणणारे बरेच येऊन गेले.

बहात्तरच्या दुष्काळात मी सरकारी होते. खडी फोडण्याच्या कामांवर साहेबांना घेऊन रानोमाळ धावले. माझे चालक होते ग्यानोबा. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेरीला नव्या गाड्या आल्या आणि मला लिलावात काढले. ग्यानोबांनीच मला घेतले, चाकूरला आणले आणि लेकीला, पंचशीलाला, चालवायला शिकवले. बाई जीप चालवते म्हणून पारावरचे लोक हसत. ती मुद्दाम पारावरूनच मला नेई!

ग्यानोबा वारल्यावर ती मला घेऊन शाळेत शिकवायला जाऊ लागली. पुन्हा पाऊस हुकला. उदगीरच्या रस्त्यावर पाण्याचे टँकर सुसाट पळू लागले. एका वळणावर धुळीतून एक टँकर थेट आमच्या अंगावर आला. माझे तोंड चेपले, मी खड्ड्यात उलटले. पंचशीलाची मांडी मोडली.

मी घरामागे पडून राहिले. तिचे चुलते दगडोबा भंगारवाल्याला घेऊन आले.

"हिनं तुझा जीव घेतला असता, पोरी. इकून टाक."

पंचशीला कुबड्यांवर दारात आली. "मला टँकरनं पाडलं काका, हिनं न्हाई. कुणी हात लावायचा न्हाई हिला."

ही गोष्ट उदगीरला सिद्रामप्पांच्या कानावर गेली. ते धान्याचे आडते, पण वेड जुन्या जीपांचे. ओळख ना पाळख, आपल्यासारख्याच जीपवेड्या, धर्माबादच्या अमृतरावांना घेऊन ते आले. अमृतरावांच्या जीपमध्ये माझ्यासाठी रेडिएटर होता. सिद्रामप्पा पांढऱ्या धोतरानिशी माझ्याखाली शिरले.

"चासी, म्हंजी खालचा सांगाडा, सरळ हाय बाई! बाकीचं आमी बघून घेतो."

दर रविवारी ते येत राहिले. माझे एक मडगार्ड हिरवे झाले, दुसरे विटकरी. मला त्याची लाज नाही.

मी तयार झाले, तोवर पंचशीलाच्या कुबड्याही सुटल्या होत्या. ती स्टिअरिंगमागे बसली, पण स्टार्टरपर्यंत नेलेला हात तिने मागे घेतला. "न्हाई जमत मला," म्हणत ती रडली.

अमृतराव तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी आपला वाकडा कोपर दाखवला. "मी बी असाच आपटलो होतो. लई दिवस गाडीकडं बघितलं न्हाई. आज चालवू नका. नुसतं बसून राहू."

दोघे बसून राहिले. ऊन कलले. मग तिने डोळे पुसले आणि स्टार्टर दाबला. मी खोकले, पुन्हा खोकले, आणि सुरू झाले!

काही दिवसांनी ती मला घेऊन पुन्हा शाळेला निघाली, तेव्हा त्याच वळणावर समोरून एक टँकर आला. तिने वेग कमी केला, पण आपली बाजू सोडली नाही. शेवटी टँकरच कडेला सरकला.

मित्रांनो, मोडलेले यंत्र फेकण्याआधी खाली वाकून नीट बघा. आणि मोडलेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा. उपदेश नंतरही करता येतो.