गुलाबी गुडघ्याची, पिवळी पोटाची

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. गंजलेली आहे, एका कोपऱ्याला चेपलेली आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर पार वैतागलेलीही आहे. म्हातारपणी शांत असावं म्हणतात. पण ज्या घरात मी चाळीस वर्षं काढली, त्या घरातल्या काकू माझ्याच पोटातल्या गोळ्या खाऊन मरता मरता वाचल्या. मला सगळं दिसत होतं. पण झाकणाची करकर कोण ऐकतो?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या झाकणावर निळी फुलं छापली आणि पोटात बिस्किटं भरली. बिस्किटं दोन दिवसांत संपली. मग काकूंनी मला धुतलं, पुसलं आणि शिवणाच्या मशीनशेजारी ठेवलं. काकू तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या आणि घरबसल्या शिवणकाम करू लागल्या होत्या. माझ्यात त्यांनी बटणं ठेवली. शर्टाची पांढरी, कोटाची काळी, झबल्यांची इवली इवली गुलाबी. ते माझे सुखाचे दिवस. काकूंना नीट पाहावंही लागत नसे. डोळ्याच्या कोपऱ्यात रंग आला की हात बरोबर तिथंच पडे.

"माझा रंग चुकायचा नाही," त्या म्हणत.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी मेख तिथेच आहे.

त्या काळी दुखण्याला घरात मान होता. कुणी धडपडलं तर आधी बसवत, दुखरी जागा हातानं चोळत, गरम पाण्याची पिशवी देत. "आज उठू नकोस," एवढं सांगत आणि ऐकणारा ऐके. पुढे काकूंची पुतणी लहान असताना तापाच्या गोळ्यांचं एक पाकीट माझ्यात आलं. मग कुणाच्या सर्दीच्या उरलेल्या चार, कुणाच्या दाढेच्या उरलेल्या दोन. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तर आपल्या उरलेल्या गोळ्या आणूनच द्यायच्या. "तुमच्या पेटीत असू द्या हो, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." बटणांना बरणीत हलवलं आणि मी घराचा दवाखाना झाले. जिन्यातले सगळे माझं कौतुक करत. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

पण काकूंना एक खोड होती. शिवणारा हात तो! पाकिटाचे कोपरे बोटांना टोचतात म्हणून त्या कापडाच्या कात्रीनं एकेक गोळी चौकोनी कापून घेत आणि कोपरे गोल करत. किती सुबक! त्या सुबकपणात औषधाचं नाव कापलं जाई, तारीख कापली जाई, आणि माझ्यात उरत नुसते रंग. पांढरी डोक्याची, गुलाबी गुडघ्याची, पिवळी पोटाची. बटणांसारख्या लावून ठेवलेल्या.

गुडघा काकूंचा. चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारून झिजलेला. शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग पडला आणि गुडघा ओरडू लागला. काकूंनी गुलाबी घेतली, तासाभरात तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. मग रोज सकाळी, रिकाम्या पोटी, चहाच्याही आधी. तीन महिने!

"अगं, गुडघा काहीतरी सांगतोय," काका म्हणायचे. ते घड्याळं दुरुस्त करतात. "घड्याळ मागं पडायला लागलं की मी उघडून बघतो. काटा पुढं सरकवून देत नाही गिऱ्हाइकाला."

"तुमची घड्याळं थांबली तरी चालतं. माझं मशीन थांबलं तर पोरं उघडी जातील शाळेत."

काका पुन्हा भिंगाखालच्या घड्याळाकडे वळत.

मग काकूंचं पोट जळू लागलं. पोटावर म्हणून त्यांनी पिवळी घेतली. इथे मला अजूनही कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं, पण कपाळ नाही. पोटाच्या जुन्या पिवळ्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. या नव्या पिवळ्या काकांच्या कंबरेत उसण भरली तेव्हाच्या उरलेल्या होत्या. पाकीट अख्खं होतं तेव्हा त्याच्यावरचं नाव मी वाचलं होतं. गुलाबीचं आणि पिवळीचं औषध एकच, फक्त कारखाने वेगळे! म्हणजे ज्या गोळीनं पोट जळत होतं, तीच पोटावर उतारा म्हणून पोटात जात होती. जळलं की पिवळी. आणखी जळलं की आणखी एक पिवळी. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "काहीतरी बाधलं असेल," म्हणाल्या. मी झाकण घट्ट धरून बसले, तर काकूंनी कात्रीच्या टोकानं उचकटलं. कोपरा चेपला तो तेव्हाच.

एका सकाळी पुतणी आपला गणवेश उसवून सैल करून घ्यायला आली. ती आता रुग्णालयात परिचारिका आहे.

"या सिस्टरबाई," काकू म्हणाल्या, "फार खाता वाटतं तिकडे?"

"मी खाते, पण तू अशी कागदासारखी पांढरी का दिसतेस?"

काकू माप घ्यायला उठल्या आणि टेप हातात धरून तशाच खाली कोसळल्या.

पुतणीनं त्यांना आडवं केलं, पाय उंच केले, नाडी धरली. काकांना म्हणाली, "आधी गाडी बोलवा. काकू, डोळे मिटू नकोस. काय काय गोळ्या घेतेस?"

"गुलाबी... गुडघ्याची. पिवळी पोटाची."

"रंग नको सांगूस, नाव सांग!"

पुतणीनं मला खाटेवर पालथं केलं. चौकोनी तुकड्यांचा सडा पडला. ती एकेक उलटून बघू लागली. "नाव कुठंय? याच्यावरही नाही. काका, नावं कुठं गेली सगळी?"

"कोपरे... टोचतात गं," काकू पुटपुटल्या.

चाळीस वर्षांत मला इतकी लाज वाटली नव्हती. सगळं माझ्यात होतं आणि कशाचाच पत्ता नव्हता.

तेव्हा काकांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं. एका हातात गुलाबीचा तुकडा, दुसऱ्या हातात पिवळीचा. मागच्या चंदेरी कागदावर कात्रीतून सुटलेली तीन-तीन अक्षरं होती. "ही शेवटची तीन अक्षरं... आणि इथं... पोरी, ही तर तीच आहेत." मग खणातून त्यांनी आपल्या कंबरेच्या वेळची डॉक्टरांची चिठ्ठी काढली. पूर्ण नाव तिच्यावर होतं. गाडी दारात येईपर्यंत पुतणीला कळलं होतं काय झालंय ते, आणि रुग्णालयाच्या दारातच तिनं ते डॉक्टरांना सांगितलं. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. नळी घालून ते थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. आठ दिवस मी रिकामी, खाटेखाली पालथी पडून होते. पाय मोजत होते, काकूंचे पाय कधी दिसतात म्हणून.

दिसले एकदाचे. हळूहळू टाकलेले, पण त्यांचेच.

त्या दिवशी पुतणीनं काकूंना जे समजावलं ते मित्रांनो, तुम्हीही ऐका, कारण मी ते पुन्हा सांगणार नाही. गुडघा दुखतो म्हणजे तिथल्या नसा निरोप पाठवतात. निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो आणि मेंदू म्हणतो, दुखतंय. जिथे इजा होते तिथे शरीर एक रसायन तयार करतं, त्यानं सूज येते आणि नसा जास्तच ओरडतात. गुलाबी गोळी ते रसायन होऊ देत नाही, म्हणून दुखणं थांबतं. झीज मात्र थांबत नाही.

"मग पोटाचं काय बिघडवलं तिनं?" काकूंनी विचारलं.

"तसल्याच रसायनानं पोटाला आतून अस्तर राहतं. गोळीला गुडघा कुठला नि पोट कुठलं, कळत नाही. तिनं तुझं अस्तरच उसवलं."

अस्तर म्हटल्यावर काकूंना बरोबर समजलं.

"जेवून घेतली असती तर?"

"थोडं बरं, पण रोज रोज तरीही नाही. किती दिवस घ्यायची ते डॉक्टर ठरवणार. तापाची साधी गोळी पोटाला सौम्य असते, पण तीही जास्त झाली तर यकृताला मारते. निरुपद्रवी असं काही नसतं गं."

"आणि आम्ही चोळायचो ते? तो खुळेपणा?"

"मुळीच नाही. चोळल्याचा निरोप पुढं घुसतो आणि दुखण्याचा मागं अडतो. खरंच."

"बघा!" काकू काकांकडे पाहून म्हणाल्या. जिवावरचं दुखणं झालं तरी बाईला जिंकायचं होतंच.

मग पुतणीनं मला उचललं. "ही आधी भंगारात."

"ठेव खाली. तिचा काय दोष? कात्री माझी होती."

मित्रांनो, त्या एका वाक्यानं माझा अर्धा राग गेला. अर्धा आहे अजून. कारण मास्तरीणबाई परवाच पुन्हा चार गोळ्या घेऊन आल्या होत्या, कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या. या वेळी काकूंनी त्या परत पाठवल्या. तेव्हा ऐका माझं. पाकीट कापू नका. गोळी रंगानं ओळखू नका. दुसऱ्याच्या दुखण्याची गोळी आपल्या दुखण्याला लावू नका. आणि दुखणं ओरडत असेल तर त्याचं तोंड दाबण्याआधी ते काय म्हणतंय ते एकदा विचारा.

औषधं आता कपाटात आहेत, अख्ख्या पाकिटांत. माझ्यात पुन्हा बटणं आली आहेत. काकू दिवसाला दोनच गणवेश शिवतात. गुडघा बोलू लागला की मशीन थांबवतात, मला समोरच्या स्टुलावर ठेवतात, वर घडी केलेलं कापड घालतात आणि त्यावर पाय लांब करून बसतात. टाचेचं ओझं बरंच आहे, झाकण थोडं खचलंय. पण इतक्या वर्षांत त्यांना माझ्याकडून मिळालेलं हे पहिलंच बिनचूक औषध आहे, म्हणून मी करकरत नाही.